घाटात तापणारी गाडी आणि बॉनेटची जाळी: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

वाई सोडून पसरणी घाट चढायला लागलं की पाचगणी येईपर्यंत, निदान एप्रिल-मेमध्ये, बॉनेट उघडून कडेला उभी असलेली एखादी तरी गाडी दिसतेच. साताऱ्यातून कासकडे जाताना यवतेश्वरच्या चढाला, मेढ्यावरून महाबळेश्वरला जाताना केळघर घाटात, पुण्याहून येताना खंबाटकीत हेच चित्र. मग कुणीतरी सांगतं, "बॉनेटला जाळी मारून घे, गरम हवा निघून जाईल." जाळी म्हणजे बॉनेटचा पत्रा कापून बसवलेल्या, हवा बाहेर सोडणाऱ्या फटी. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. जाळी कुठे मारायची, केवढी मारायची आणि त्याआधी काय काय करून बघायचं हे कळल्याशिवाय पत्र्याला कटर लावू नका. माझं स्पष्ट मत आहे की घाटात तापणाऱ्या बहुतेक गाड्यांना बॉनेट कापायची गरजच पडत नाही. ज्यांना पडते त्यांचीही जाळी बऱ्याचदा चुकीच्या जागी बसवली जाते.

कूलंटची पातळी बघण्यापलीकडे ज्यांनी गाडीला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितोय. मधली पायरी गाळू नका.

हवा अडते कुठे

इंधन जळून निघालेल्या उष्णतेतली ढोबळमानाने एक तृतीयांश गाडी ओढायच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेली बरीचशी कूलंटला उचलावी लागते. कूलंट ती रेडिएटरपर्यंत आणतो, तिथून पुढे ती हवेने न्यायची असते. आणि हवा रेडिएटरच्या पुढे दाब जास्त, मागे कमी असेल तरच त्यातून जाते. हा फरक जितका मोठा, तितकी जास्त हवा. या लेखातली प्रत्येक गोष्ट या एका फरकापाशी येऊन थांबते.

पुढचा दाब वेगातून येतो. ताशी ८० किलोमीटरला तो पाण्याच्या नळीत मोजला तर सुमारे ३० मिलिमीटर भरतो. वेग निम्मा करून ४० वर आणला की दाब चौथाई होतो, म्हणजे साडेसात मिलिमीटर. २० वर जेमतेम दोन. आता हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे चढ चढताना आपला वेग किती असतो ते आठवा. इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावतंय, एसी चालू, आणि समोरून येणारा वारा नसल्यातच जमा. सगळा भार पंख्यावर. त्यात उंचीची भर: वाई सुमारे ७०० मीटरवर आहे, महाबळेश्वर सुमारे १३५० वर. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण बारा टक्के विरळ, त्यामुळे पंख्याने तितकीच हवा ओढली तरी ती उष्णता कमी नेते.

मागचा दाब मात्र कुणी बघत नाही. रेडिएटर ओलांडून आलेली गरम हवा इंजिनाभोवती कोंडते. तिला खालून, गिअरबॉक्सच्या आजूबाजूने वाट काढत बाहेर पडावं लागतं, आणि आजच्या गाड्यांत ती जागा पाइप, वायरिंग, बॅटरी, एअर फिल्टरच्या डब्याने गच्च भरलेली असते. हवा आत शिरण्याची अडचण क्वचित असते, ती बाहेर पडण्याची असते. बॉनेटच्या जाळीचा उपयोग असलाच तर तो एवढ्यासाठीच.

पायरी १: गाडी नेमकी कधी तापते ते लिहून काढा

साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि हायवेला लागली की थंड होते? मग पंखा, त्याचा रिले, फ्यूज किंवा टेंपरेचर स्विच बघा. बोलेरोसारख्या गाड्यांत पट्ट्यावर फिरणारा पंखा असतो, त्याचं व्हिस्कस कपलिंग, म्हणजे पंख्याला फिरवणारा घट्ट तेलाचा जोड, तपासा: गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवला तर त्याला जाणवण्याइतका अडथळा पाहिजे. मोकळा भिरभिरला तर कपलिंग गेलं. विजेवरचा पंखा असेल तर गाडी बंद असतानाही त्यात बोट घालू नका, तो अचानक सुरू होऊ शकतो.

हायवेवर १०० च्या वेगात तापते? मग रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलाय, नाहीतर वॉटर पंप दमलाय. फक्त चढाला तापते, एरवी नाही? हा लेख मुख्यतः या तिसऱ्या प्रकारासाठी आहे.

कूलंट सतत कमी होतोय, टाकीत बुडबुडे येतायत, सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर येतोय, असं असेल तर हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्या मधल्या सीलचा, संशय घ्या आणि सरळ मेस्त्रीकडे जा. तिथे हवेचा काही संबंध नाही.

पायरी २: काट्यावर विसंबू नका, आकडा घ्या

डॅशबोर्डवरचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. कूलंट ८० अंशांवर असो की १०० वर, काटा हलत नाही. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. काही गाड्यांत काटाच नाही, नुसता निळा आणि लाल दिवा. म्हणून ब्लूटूथवर चालणारा ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं यंत्र, घ्या. २०१३ नंतरच्या जवळपास सगळ्या गाड्यांत स्टिअरिंगखाली त्याचा सॉकेट सापडतो आणि मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान दिसतं.

साधारण अपेक्षा अशी: थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो, पंखा ९५ ते १०० च्या आसपास सुरू होतो. चढाला १०५ पर्यंत जाऊन परत खाली येणं चालतं. ११० ओलांडून चढतच राहिलं तर थांबा.

एक ठरलेला चढ निवडा. सातारकरांना यवतेश्वरचा घाट सोयीचा, कारण गावाला लागूनच आहे. पायथ्याला तापमान लिहा, तोच गिअर, तेवढीच माणसं, एसी एकाच सेटिंगवर, आणि माथ्यावर पुन्हा लिहा. आकडे बघायचं काम शेजारी बसलेल्याने करायचं. बाहेरच्या हवेचं तापमानही टिपा आणि कूलंटच्या आकड्यातून वजा करा. सकाळच्या २२ अंशांत केलेली चाचणी आणि दुपारच्या ३८ अंशांत केलेली चाचणी एकमेकींशी ताडून बघायची तर हा फरकच कामाचा. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर हीच चाचणी करायची.

पायरी ३: धुलाई, कूलंट, झाकण

समोरच्या जाळीतून टॉर्च मारून बघितलं तर पहिल्यांदा दिसतो तो एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी, रेडिएटरसारखीच दिसणारी जाळी. रेडिएटर त्याच्या मागे. दोघांच्या मधे बोटभर फट असते आणि सगळी घाण तिथे बसते. आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉलीतून उडालेल्या पाचटाचे बारीक तुकडे, किडे, धूळ आणि थोडं ऑइल मिळून तिथे नमद्यासारखा थर तयार होतो. समोरून कंडेन्सर लख्ख दिसतो, मागून हात घातला तर करड्या रंगाची चादर सोलून निघते. वरचे क्लिप आणि बोल्ट काढून रेडिएटर थोडा मागे झुकवता आला तर झुकवा, आणि पाणी इंजिनाच्या बाजूकडून पुढे मारा, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते. सर्व्हिसिंग सेंटरचा जोरदार प्रेशर वॉशर जवळून मारू नका. पातळ पत्र्या आडव्या होतात आणि होती ती वाटही बंद होते. घरची साधी नळी पुरते. वाकलेल्या पत्र्या बारीक चिमट्याने सरळ करा.

कूलंट जुना, गढूळ किंवा तांबूस झाला असेल तर बदला. त्यात बोअरचं पाणी ओतू नका, क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे.

रेडिएटरच्या झाकणाकडे कुणाचं लक्ष जात नाही. ते आतला दाब धरून ठेवतं. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, ०.९ बारचं चांगलं झाकण तेच पाणी ११५ च्या पुढेपर्यंत उकळू देत नाही. झाकणाचं रबर चिरलं की घाटात गाडी पाणी फेकते आणि आपण दोष रेडिएटरला देतो. नवं घेताना मूळ झाकणावर छापलेला आकडा बघूनच घ्या, जास्त दाबाचं बसवू नका. आणि गरम इंजिनावर झाकण कधीही उघडू नका. वाफेने चेहरा भाजतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मिळेल. ऐकू नका. इंजिन मग वेळेत गरम होत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि चढावरचा प्रश्न तसाच राहतो.

पायरी ४: पुढच्या फटी बुजवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच. समोरच्या जाळीतून आत आलेल्या हवेला रेडिएटरच्या दाट पत्र्यांतून जायचं नसतं. तिला बाजूला, वर, खाली कुठेही मोकळी फट मिळाली की ती तिथून निसटते. कंपनीने तिथे रबरी आणि फोमच्या पट्ट्या, प्लास्टिकची पानं दिलेली असतात. एखाद्या किरकोळ धडकेनंतर बंपर बदलताना त्या निघतात आणि परत बसत नाहीत. जुन्या गाडीत तर त्या हमखास गायब असतात.

रात्री गाडीच्या पुढे उभे राहून टॉर्च मारा आणि दुसऱ्याला बॉनेटखाली बघायला सांगा. रेडिएटरच्या कडेने जिथे जिथे उजेड थेट मागे पोचतो, तिथून हवाही पोचते. बाजूच्या फटींना पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा जाड प्लास्टिक शीट कापून बसवा, वरच्या फटीला बंद पेशींचा फोम लावा. साधा गादीचा फोम पाणी धरून ठेवतो आणि लोंबतो, तो नको. पंख्याजवळ काहीही सैल राहता कामा नये. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं, म्हणजे श्राउड, तुटलं असेल तर तेही बदला. त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरच्या फक्त आपल्या समोरच्या गोल भागातून हवा ओढतो, चारही कोपरे बसून राहतात.

याच वेळी समोरची जाळी मोकळी करा: जास्तीचे हॉर्न, मोठे फॉग लॅम्प, डासांची जाळी, पताका. समोर लोखंडी बुल बार असेल तर तो तसाही उतरवायचा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे.

पायरी ५: खालचं प्लास्टिक परत बसवा

"खालचं पान काढून टाक, हवा खेळती राहील" असं इंजिनाखाली बसवलेल्या प्लास्टिकच्या पत्र्याबद्दल गॅरेजात सर्रास सांगतात. गाडी उभी असताना ते पटतंही. पण गाडी धावताना बंपरच्या खालच्या ओठामागे आणि त्या पानामागे दाब कमी होतो, आणि तोच कमी दाब इंजिनाभोवतीची गरम हवा खाली ओढून घेतो. पान काढलं की रस्त्यालगतची हवा वर घुसते, मागचा दाब वाढतो आणि रेडिएटरमधून जाणारी हवा घटते. क्लिप तुटल्या असतील तर नव्या लावा.

इथवर आलात की यवतेश्वरची चाचणी पुन्हा करा. आकडा ठीक झाला असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, बॉनेट अखंड ठेवा.

पायरी ६: बॉनेटची जागा ठरवणं

दोन प्रकार आधीच बाद करू.

पहिला, बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलणं. काचेच्या पायथ्याशी वारा आपटून दाब वाढतो. एसीसाठी बाहेरची हवा कंपन्या तिथूनच घेतात, ती याच कारणाने. म्हणजे वेगात त्या फटीतून गरम हवा बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत जाऊ शकते. हळू चालताना गरम हवा निघते खरी, पण तीच ऑइलचा आणि धुराचा वास घेऊन केबिनमध्ये शिरते. शिवाय बिजागरी कमकुवत होते, आणि धडकेत बॉनेट काचेकडे सरकणं जिवावर बेतू शकतं.

दुसरा, पुढे तोंड असलेला स्कूप, म्हणजे हवा आत घेणारा उंचवटा. पहिल्या पिढीच्या ३.० लिटर डिझेल फॉर्च्युनरच्या बॉनेटवर तो असायचा, पण त्याच्या बरोबर खाली इंटरकूलर, म्हणजे टर्बोमधून इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग, आहे आणि ती हवा त्याच्यासाठी आहे. साध्या गाडीवर तोच बसवला तर तो रेडिएटरच्या मागे आणखी हवा कोंबतो. मागचा दाब वाढला की रेडिएटरमधून येणारी हवा कमी. दिसायला रुबाबदार, कामाला उलटा.

आपल्याला पाहिजे ती मागे तोंड असलेली, पापण्यांसारख्या फटींची जाळी, आणि तीही बॉनेटच्या पुढच्या निम्म्या भागात, पंख्याच्या थोडं मागे. बॉनेटच्या पुढच्या वळणावरून वारा वर चढताना तिथे दाब घटतो. जागा प्रत्येक गाडीत वेगळी, म्हणून ती शोधावी लागते.

लोकरीचे बोटभर धागे कापा आणि मास्किंग टेपने बॉनेटभर वीतभर अंतरावर चिकटवा. पहाटे, रिकाम्या सरळ रस्त्यावर, शेजारच्या सीटवरून मोबाइलने चित्रण करत ६०-७० च्या वेगाने चला. पुढच्या भागातले धागे पत्र्याला चिकटून सरळ मागे ताणलेले दिसतील. काचेजवळचे उभे राहतात, गोल फिरतात, काही चक्क पुढे वळतात. ते पुढे वळणारे धागे एकदा स्वतः बघितले की वॉशरवाला सल्ला पुन्हा मनात येत नाही.

धागे वारा कुठे चिकटून वाहतो ते दाखवतात, दाब दाखवत नाहीत. त्यासाठी पारदर्शक बारीक नळी यू आकारात फळीवर बसवा, अर्धी पाण्याने भरा, त्यात शाईचा थेंब टाका. एका बाजूला जोडलेली नळी बॉनेटखाली पंख्याच्या मागे नेऊन बांधा, पंख्यापासून आणि पट्ट्यांपासून लांब. दुसरी बाहेर बॉनेटवर आणा आणि एका पातळ, चपट्या प्लास्टिकच्या चकतीखाली चिकटवा. चकतीच्या मधे दोन मिलिमीटरचं भोक, म्हणजे वारा नळीत थेट घुसत नाही, फक्त तिथला दाब कळतो. चकती जागा बदलत फिरवा. बाहेरच्या बाजूचं पाणी जिथे सगळ्यात जास्त वर चढेल, तिथे बाहेर दाब सगळ्यात कमी. जाळीची जागा ती.

पायरी ७: कापकाम

स्वतःच्या बॉनेटवर शिकू नका. भंगार बाजारातून त्याच मॉडेलचं बॉनेट आणा, मूळचं जपून ठेवा. मनासारखं झालं नाही, किंवा गाडी विकायची झाली, तर परत बसवता येतं.

बॉनेट गाडीवर असताना ग्राइंडर चालवू नका. ठिणग्या काचेत रुततात, आणि खाली पेट्रोलच्या नळ्या आहेत. बिजागरीच्या जागा मार्करने आखून घ्या, काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरची नळी सोडवा, दोघांनी मिळून बॉनेट उतरवा. आधी लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर ते ॲल्युमिनियमचं, त्याला वेगळं प्रायमर आणि वेगळी काळजी लागते.

आता उलटं ठेवून खालचा सांगाडा बघा. त्या पट्ट्या बॉनेटला ताठ ठेवतात आणि धडकेत ते ठरलेल्या जागी दुमडावं याचीही सोय करतात. त्या कापायच्या नाहीत. कुलपाच्या आसपासही हात लावायचा नाही. पट्ट्यांमधल्या मोकळ्या पत्र्यात बसेल एवढीच जाळी घ्या. सुरुवातीला डावी-उजवीकडे प्रत्येकी वीतभर लांब आणि तीन-चार बोटं रुंद अशा दोन पुरेत.

पुठ्ठ्याचा साचा कापून दोन्ही बाजू मधल्या रेषेपासून मोजून आखा. चारही कोपऱ्यांत आधी ८ ते १० मिलिमीटरची गोल भोकं पाडा, म्हणजे पुढे कोपऱ्यातून पत्रा चिरत नाही. मग जिगसॉने किंवा एक मिलिमीटरच्या कटिंग डिस्कने थांबत थांबत कापा. एका दमात कापलं की पातळ पत्रा तापून निळा पडतो आणि लाटेसारखा उठतो. ती लाट पेंटखाली लपत नाही. डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे. कड कानशीने घासून लगेच झिंक प्रायमर मारा. आपल्या पावसाळ्यात उघडी कड एका मोसमात गंजायला लागते.

जाळी तयार मिळते, नाहीतर एमआयडीसीत पत्र्याचं काम करणाऱ्याकडून वाकवून घ्या. फटींच्या पुढे १० ते १५ मिलिमीटर उंचीची, वरची कड गोल केलेली पट्टी ठेवली तर तिच्यामागे दाब आणखी घटतो आणि हवा चांगली ओढली जाते. रिव्हेट मारा किंवा रबरी वॉशर घालून स्टेनलेसचे बोल्ट लावा. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना थेट टेकू देऊ नका, मधे सीलंट पाहिजे. खालून बारीक जाळी लावायचा मोह टाळा; हवा निम्मी तिथेच अडकते.

बॉनेटखालच्या उष्णतारोधक गादीला त्याच मापाची खिडकी कापा आणि तिच्या कडा घट्ट बसवा.

पाऊस

महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जाळीतून येणारं पाणी अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलवर पडू द्यायचं नाही. जाळीच्या खाली दोन बोटं अंतर ठेवून पन्हाळीसारखी ताटली टांगा: हवा कडेने निघेल, पाणी नळीने बाजूला जाईल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र सरळ बंद झाकणं बसवा. त्या दिवसांत घाटातली हवा मुळातच थंड असते.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीत नोंदलेले तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही भूमिका उचलून धरली. म्हणून कापण्याआधी तुमच्या आरटीओत, साताऱ्याला एमएच ११ किंवा कराडला एमएच ५०, जाऊन विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो. गाडी वॉरंटीत असेल तर बॉनेट कापूच नका.

पायरी ८: बसवल्यावर

बॉनेट आखलेल्या जागी बसवा. कुलूप आणि दुसरी सुरक्षा कडी दोन्ही लागतात का ते हाताने उचलून पाच-सहा वेळा बघा. हे झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

मग फटीच्या आतल्या कडेला एक लोकरीचा धागा बांधून चालवा. धागा बाहेर ओढला गेला तर जागा बरोबर. आत गेला तर पुढची पट्टी दोन-चार मिलिमीटर वाढवून बघा, तरीही जमलं नाही तर ती जाळी बंद करा. गाडी उभी करून पंखा सुरू होईपर्यंत थांबा आणि जाळीवर हात धरा. गरम झोत जाणवला पाहिजे. ट्रॉलीमागे रखडताना तुमच्या कामी येणार तो हाच झोत.

नंतर तोच यवतेश्वर, तोच गिअर, तोच एसी. एकदा दुपारच्या उन्हात पसरणीही चढून बघा. चढाला कूलंट आणि बाहेरची हवा यांतला फरक पाच-सहा अंशांनी उतरला तर काम चांगलं झालं. एक-दोनच अंश उतरला तर आणखी भोकं पाडू नका; रेडिएटर काढून आतून तपासून घ्या, नळ्या क्षाराने भरलेल्या असतील तर तो बदला. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट आणि रिव्हेट हाताने हलवून बघा, आणि कापलेल्या कडांचा पेंट पावसाळ्याच्या आधी व नंतर दर वर्षी तपासा.